खायचे दात

१७ जुलै १९५९ च्या सकाळी लुई लीकी तापाने फणफणून तंबूत पडले होते. त्यामुळे मेरी लीकी सोबत कुत्री घेऊन एकट्याच ओल्डुवाईच्या घळीत उतरल्या. त्या वेळच्या टांगानिकातली, आजच्या टांझानियातली ही घळ दोघं नवरा-बायको प्राचीन माणसाच्या अवशेषांसाठी कित्येक वर्षं पालथी घालत होते. उतारावरच्या मातीतून हाडाचा एक तुकडा डोकावताना मेरीबाईंना दिसला. हलक्या हाताने माती बाजूला केली, तर वरच्या जबड्यात रुतून बसलेले भलेमोठे दात. पुढे तुकड्याला तुकडा जोडत जी कवटी उभी राहिली, ती सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीची होती. मानवकुळातल्या एका चुलत घराण्याची. आज या प्राण्याला पॅरान्थ्रोपस बोइसी म्हणतात.

या कवटीचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दाढांवरून नजर हलेना. आपल्या दाढांच्या दुपटीहून मोठा पृष्ठभाग, जात्याच्या पाळीसारखा सपाट, आणि त्यावर एनॅमलचा जाडजूड थर. गालफडं पुढे आलेली. कवटीच्या माथ्यावर मधोमध हाडाचा उभा कंगोरा, कारण जबड्याचे स्नायू थेट तिथपर्यंत चढलेले. अक्कलदाढा नुकत्याच वर येत होत्या, म्हणजे मेला तेव्हा तो ऐन उमेदीत होता. असा जबडा पाहिल्यावर कुणालाही वाटेल की हा कवचाची फळं, टणक बिया कडाकडा फोडून खात असणार. त्याचं टोपणनावही तसंच पडलं, ‘नटक्रॅकर मॅन’. आपण अक्रोडफोड्या म्हणू. जवळजवळ पन्नास वर्षं हे नाव त्याला चिकटून राहिलं.

मग २००८ साली त्याच्या दाढांचे पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली नीट तपासले गेले. टणक वस्तू फोडणाऱ्या दाढांवर खड्डे पडतात. इथे खड्डे जवळपास नव्हतेच, होते ते बारीक ओरखडे. त्याच वर्षी टांझानियातल्या दोन दातांच्या एनॅमलचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झालं, आणि २०११ मध्ये थ्युर सर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातल्या २२ जणांचे २४ दात तपासून निकाल दिला. बोइसीच्या आहारातला सरासरी ७७ टक्के भाग उष्ण प्रदेशातल्या गवतांचा किंवा त्यांच्यासारख्याच लव्हाळ्यांचा होता. अक्रोडफोड्या झेब्रे, रानडुकरं आणि पाणघोडे यांच्या पंगतीला बसून जेवत होता!

माणसाच्या इतक्या जवळचा प्राणी, आणि गवत? मला या निकालाने अक्षरशः झपाटलं. त्यानंतर या विषयावर जे हाती लागलं ते वाचत गेले, आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबले. दाताचा आकार वाडवडिलांकडून येतो. त्या कुळाला कधीकाळी काय खावं लागलं, काय खाणं जमत होतं, हे तो सांगतो. एनॅमलमधला कार्बन मात्र ज्याने-त्याने स्वतः खाल्लेल्या घासांतून येतो. पहिल्यातून घराणं कळतं, दुसऱ्यातून एका जिवाचं आयुष्य. या दोघांची साक्ष जुळत नाही तेव्हा मला या विषयाची खरी गोडी लागते.

दात वाचणं आपल्याकडे नवं नाही. माझे आजोबा बैलबाजारात बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून एका नजरेत सांगायचे, आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे. दुधाचे दात किती पडले आणि कायमचे किती आले, यावर वय आणि वयावर किंमत. विकणाऱ्याने काहीही सांगितलं तरी ते मान हलवायचे आणि ओठ दाबायचे. पण त्या बैलाला लहानपणी कडबा मिळाला की झाडपाला तोडून घातला, हे आजोबांनाही ओठ दाबून कळलं नसतं. ते कळण्यासाठी दाताच्या आत शिरावं लागतं.

आत काय असतं? एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. या खनिजाच्या स्फटिकांत थोडं कार्बोनेट अडकलेलं असतं, आणि त्यातला कार्बन आलेला असतो अन्नातून. हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने भरत राहतं. एनॅमलचं तसं नाही. दात घडताना जे त्यात बसलं ते बसलं, पुढे शरीर त्याला हात लावत नाही.

कार्बनच्या दोन स्थिर जाती निसर्गात सगळीकडे आहेत. हलका कार्बन-१२ जवळजवळ ९९ टक्के, आणि जरा जड कार्बन-१३ सुमारे एक टक्का. बहुतेक झाडंझुडपं हवेतून कार्बन घेताना ज्या एन्झाइमचा वापर करतात, त्याचा कल हलक्या कार्बनकडे असतो. जड कार्बन बराचसा बाहेरच राहतो. या वनस्पतींना सी-३ म्हणतात. वड, आंबा, बांबू, भात, गहू, तूर, हरभरा हे सगळे सी-३. काही वनस्पतींनी मात्र वेगळी युक्ती काढली. आधी कार्बन डायऑक्साइड पकडायचा, पानाच्या आतल्या पेशींत नेऊन कोंडायचा आणि मग त्याच एन्झाइमपुढे ठेवायचा. कोंडलेल्या जागेत निवडीला वाव राहत नाही, त्यामुळे जड कार्बनही बऱ्यापैकी वापरला जातो. या सी-४ वनस्पती. उन्हाळ्याला आणि कमी पाण्याला त्या चिवट. या युक्तीचा उलगडा १९६० च्या दशकात झाला तो उसाच्या पानांवरच्या प्रयोगांतून.

आपल्याकडची सी-४ यादी वाचताना माळरान डोळ्यांपुढे येतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस. शिवाय हरळी, पवन्या, कुसळी. म्हणजे सोलापूर-मंगळवेढ्याकडची भाकरी आणि कोकणातला भात यांच्यातला फरक जिभेलाच कळतो असं नाही, तो कार्बनच्या अणूंतही आहे. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढले. घरच्या म्हशीला कडबा असायचा, म्हणजे दूधही ज्वारीचंच. गोड खायचं ते उसाच्या गुळाचं. माझ्या दाढांच्या एनॅमलमध्ये तो जड कार्बन आजही आहे. कोकणात वाढलेल्या माझ्या मावसबहिणीच्या दाढांत तो कमी असणार. दोघींच्या दाढा आकाराने सारख्याच.

हा फरक मोजायचा तर कशाच्या तुलनेत? अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या पी डी नावाच्या खडकांत बेलेम्नाइट हा माखलीच्या गोतातला एक जीवाश्म सापडतो. त्याच्या चुनखडीतलं जड-हलक्या कार्बनचं प्रमाण म्हणजे शून्य, असं शास्त्रज्ञांनी ठरवून टाकलं. त्या मापाने सी-३ वनस्पती सरासरी हजारी उणे २७ च्या आसपास येतात, म्हणजे त्यांच्यात जड कार्बनचं प्रमाण त्या शून्यापेक्षा हजारात २७ ने कमी, सी-४ उणे १२-१३ च्या आसपास. गवत किंवा पाला खाणाऱ्या मोठ्या प्राण्याच्या शरीरातून एनॅमलपर्यंत पोचताना या आकड्यात साधारण १४ ची भर पडते. म्हणून निव्वळ पाला खाणाऱ्याचं एनॅमल उणे १३ च्या आगेमागे दिसतं, आणि निव्वळ उष्ण प्रदेशातलं गवत खाणाऱ्याचं शून्याच्या जराशा वर. मिश्र खाणारा मधे कुठेतरी. भातशेतीत ज्वारीची दोन ताटं उगवावीत तशी ही सरमिसळ नसते. दोन गटांमधली दरी रुंद आहे, म्हणूनच ही पद्धत चालते.

पुरातत्त्वात ही कल्पना आली ती मक्यामुळे. रेडिओकार्बनने काळ ठरवताना मक्याचे दाणे आपल्या खऱ्या वयापेक्षा थोडे तरुण असल्याचं दाखवत होते. कारण शोधलं तर मका सी-४ निघाला. मग निकोलास व्हॅन डर मर्व आणि जॉन फोगेल यांच्या ध्यानात आलं की हे दाण्यात आहे तर खाणाऱ्यातही असणार. १९७७ साली त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या सांगाड्यांच्या हाडांवरून तिथे मका केव्हा आहारात आला ते दाखवून दिलं.

पण ती हाडं त्या मानाने अलीकडची. लाखो वर्षांचं काय? हाड सच्छिद्र असतं. जमिनीतलं पाणी त्यात झिरपतं, सोबत स्वतःचं कार्बोनेट आणून सोडतं. जुन्या हाडातला कार्बन त्या प्राण्याचा की मातीचा, हे सांगता येईना, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेकांनी हा नाद सोडून द्यायच्या गोष्टी केल्या. ज्युलिया ली-थॉर्प तेव्हा केप टाउनमध्ये व्हॅन डर मर्व यांच्याबरोबर काम करत होत्या. त्यांनी एनॅमल धरून ठेवलं, आणि ते भरवशाचं आहे की नाही हे पाहायला एक साधी कसोटी लावली. ज्यांच्या खाण्याबद्दल शंका नाही असे प्राणी आधी घ्यायचे. गवत खाणारे एकीकडे, पाला खाणारे दुसरीकडे, सगळे एकाच जुन्या थरातले. मातीने एनॅमल बिघडवलं असेल तर दोघांचे आकडे एकमेकांत मिसळून जायला हवेत. ते मिसळले नव्हते. लाखो वर्षं एकाच गुहेच्या दगडात गाडले जाऊनही गवतवाले गवतवाल्यांच्या जागी आणि पालेवाले पालेवाल्यांच्या जागी होते. मला ही कसोटी फार आवडते. भारी यंत्रसामग्रीच्या आधी कुणीतरी शांतपणे योग्य प्रश्न विचारला होता.

प्रत्यक्ष काम फार नाजूक. दात अमोल असतो, म्हणून शक्यतो आधीच तुटलेली कड निवडतात. हिऱ्याच्या बारीक टोकाचं ड्रिल, भिंगाखाली हात स्थिर, आणि खाली कागदावर पडते काही मिलिग्रॅम पांढरी पूड. चिमटीत धरायला गेलं तर हरवून जाईल इतकी. त्यातले सेंद्रिय अंश काढतात, मग सौम्य ॲसिटिक ॲसिडने नंतर बसलेलं कार्बोनेट धुऊन टाकतात. उरलेल्या पुडीवर फॉस्फोरिक ॲसिड टाकलं की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो आणि जड-हलक्याचं प्रमाण हाती येतं. कुठल्या तरी दुपारी त्या जनावराने तोडलेल्या पानातला कार्बन, इतक्या काळानंतर पुन्हा वायू होऊन नळीतून वाहतो आहे, या विचाराने मला दरवेळी भरून येतं.

घोड्याची किंवा गव्याची लांब दाढ असेल तर आणखी बारकावा मिळतो. टोकाकडचं एनॅमल आधी बनलेलं असतं, मुळाकडचं नंतर. दाढेवर वरून खाली ओळीने आडव्या बारीक खाचा पाडून प्रत्येक खाचेतली पूड वेगळी तपासली, की ऋतू उलगडत जातात. कार्बनमधून चारा आणि ऑक्सिजनमधून प्यायलेलं पाणी. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेतले पॅरान्थ्रोपस रोबस्टसचे चार दात २००६ साली लेझरने असे तपासले. खाणं ऋतूगणिक आणि वर्षागणिक बदलत होतं. आणि हा रोबस्टस म्हणजे बोइसीचाच भाऊबंद, तसाच जबडा, तशाच दाढा. त्याच्या आहारात गवताकडचा वाटा साधारण एक तृतीयांश. सारख्या दाढा घेऊन एक भाऊ गवताळ पाणथळीत रमला, दुसरा मिळेल ते खात राहिला. कवटी पाहून हे कुणाला सुचलं असतं?

आता हत्तीकडे येते. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं आपण हत्तीचं नाव घेऊन म्हणतो. पण हत्तीचे खायचे दातसुद्धा एकट्याने सगळं सांगत नाहीत. त्याची दाढ हातात धरली तर विटेएवढी जड लागते. एनॅमलच्या उभ्या पट्ट्या एकामागे एक रचलेल्या, मधे दंतिन, बाहेरून सिमेंट. दळायला याहून चांगलं साधन नाही, आणि गवतातल्या सिलिकाने व धुळीने झिजायला भरपूर उंचीही आहे. आकार बघून हा पक्का गवतखाऊ म्हणावा. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या हत्तींच्या हाडांतला कार्बन तपासला, तेव्हा हत्ती पावसाळ्यात तासन् तास गवत खात असले तरी हाडांतला बराचसा कार्बन झाडाझुडपांच्या पाल्याचा आणि सालींचा निघाला. आफ्रिकेतले आजचे हत्तीही मुख्यतः पालाच खातात.

मग गवताची दाढ आली कुठून? पूर्व आफ्रिकेत सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी हत्तीकुळातले प्राणी गवताकडे वळले, हे त्यांच्या एनॅमलमध्ये स्पष्ट दिसतं. पण तेव्हा त्यांच्या दाढा अजून बुटक्याच होत्या. उंच दाढा आल्या सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीपासून पुढे. एड्रियन लिस्टर यांनी २०१३ साली हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवले. मधे ३० लाख वर्षांचं अंतर! इतका काळ ते प्राणी न साजणाऱ्या दातांनी गवत चावत राहिले, दात झिजवत राहिले. सवय आधी बदलली, शरीर मागून आलं. आणि पुढे कधीतरी त्यांचे वंशज पुन्हा पाल्याकडे वळले, तेव्हा गवताची ती दाढ तशीच त्यांच्या तोंडात राहून गेली. घराण्यातली वस्तू वापर संपला तरी टाकवत नाही, तशी. फ्लोरिडात सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी एकाच ठिकाणी नांदणाऱ्या घोड्यांच्या सहा जातींचंही असंच. सगळ्यांच्या दाढा उंच, पण ब्रूस मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये रसायन तपासलं तर काही गवतावर, काही मिश्र खाण्यावर, काही मुख्यतः पाल्यावर.

आपल्या उपखंडातली याची सगळ्यात मोठी नोंद शिवालिकच्या टेकड्यांत आहे. हिमालयातून वाहून आलेला गाळ तिथे लाखो वर्षं थरावर थर साचत गेला. जम्मू, हिमाचल, नेपाळ, आणि पाकिस्तानातलं पोटवार पठार. पोटवारमध्ये क्वेड, सर्लिंग आणि बोमन यांनी जुन्या मातींत साठलेले चुनखडीचे खडे गोळा केले आणि १९८९ साली जाहीर केलं की सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास त्यांच्यातला कार्बन एकदम बदललेला आहे. झाडांचा प्रदेश गवताचा झाला होता. १९९२ मध्ये त्याच भागातल्या दातांची १ कोटी ६० लाख वर्षांची नोंद आली. खालच्या थरांतले सगळे आकडे पाल्याचे, वर येता येता गवताचे. त्यानंतर १९९४ साली आणखी बारकाईने पाहिल्यावर सुमारे ९४ लाख वर्षांपूर्वीही कुणाकुणाच्या तोंडात थोडं सी-४ गवत आढळलं. म्हणजे गवताने रान व्यापण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी ते चाखून पाहत होतं.

हा बदल का झाला? १९८९ मध्ये उत्तर होतं, मोसमी पाऊस बळावला आणि कोरडे महिने वाढले. नंतर सर्लिंग यांनीच जगभरचे दात गोळा करून १९९७ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड घटल्याची बाजू मांडली. वणव्यांचाही हात मानतात. माझा कल पावसाकडे आहे, कारण शिवालिकमध्ये सगळीकडे बदल एकाच दिवशी झाल्यासारखा दिसत नाही, आणि ऋतूंचं वागणं ठिकाणागणिक वेगळं असतं.

त्या बदलात जे गेले त्यांचं मला वाईट वाटतं. ओरांगउटानच्या नात्यातला शिवापिथेकस फळांच्या रानाबरोबर पोटवारमधून नाहीसा झाला. पिसोरीच्या कुळातले छोटे, शिंगं नसलेले प्राणी तिथे खूप होते, त्यांची संख्या रोडावत गेली. कॅथरीन बॅजली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या काळातल्या एकेका जातीचा माग काढला. जे फळं आणि पाला यांनाच धरून राहिले त्यांतले बहुतेक संपले. काहींनी खाणं बदललं आणि ते काही काळ टिकले. बाहेरून नवे गवतखाऊ आले. पिसोरी अजूनही सह्याद्रीच्या दाट झाडीत आहे, संध्याकाळी खाली पडलेली फळं वेचत फिरते. तिच्या गोताचं शिवालिकमधलं रान मात्र दातांच्या पुडीतच उरलं आहे.

अन्नाशिवायही एनॅमलमध्ये बरंच काही असतं. स्ट्रॉन्शियम येतं खालच्या खडकांतून, वनस्पतींमार्गे. दात लहानपणी घडतो, म्हणून त्यात बालपणीच्या जमिनीची खूण राहते. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टर्कफॉन्टेन आणि स्वार्टक्रान्स गुहांमधल्या मानवकुळातल्या दातांवर २०११ साली सँडी कोपलँड आणि सहकाऱ्यांनी हे पाहिलं. छोट्या दातांपैकी, म्हणजे बहुधा माद्यांपैकी, निम्म्याहून जास्त जणी दुसऱ्या भूभागात वाढलेल्या होत्या. मोठ्या दातांचे नर बहुतेक तिथलेच. दातांच्या आकारावरून नर-मादी ठरवलेले आहेत, ही यातली कच्ची बाजू लक्षात ठेवायला हवी. तरीही वीस लाख वर्षांपूर्वीची एक माहेरची जमीन अशी समोर आली की मी वाचता वाचता थांबते.

कार्बनची एक अडचण बोइसीपाशीही आहे, आणि ती मोठी आहे. गवत खाल्लं तरी एनॅमलमध्ये सी-४ येतो, गवत खाणाऱ्या प्राण्याचं मांस खाल्लं तरी सी-४ च येतो. लव्हाळ्याचे कंद खाल्ले तरी तेच. ७७ टक्के हा आकडा पक्का, पण घास नेमका कशाचा, हे त्यातून सुटत नाही. या गाठीला हात घालायला नायट्रोजन लागतो. अन्नसाखळीत वर जावं तसं जड नायट्रोजनचं प्रमाण वाढत जातं. अडचण अशी की एनॅमलमध्ये सेंद्रिय पदार्थ अत्यल्प, आणि एवढ्याशा नायट्रोजनचं मोजमाप आतापर्यंत होत नव्हतं. टीना ल्यूडेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जमवलं. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी स्टर्कफॉन्टेनमधल्या ऑस्ट्रालोपिथेकस या मानवकुळातल्या प्राण्याच्या सात दातांचे निकाल प्रसिद्ध केले. तीस लाखांहून जास्त वर्षांपूर्वीचे ते जीव मांस फारसं खात नव्हते. त्यांचे आकडे तिथल्या शाकाहारी प्राण्यांच्या जवळ होते, मांसाहाऱ्यांपासून दूर.

आता हीच कसोटी बोइसीच्या दातांवर लागलेली मला पाहायची आहे. ओल्डुवाईच्या त्या कवटीच्या अक्कलदाढा नुकत्याच वर येत होत्या, म्हणजे त्यांचं एनॅमल त्याच्या सगळ्या दातांत शेवटी घडलेलं. त्यातली काही मिलिग्रॅम पूड पुरेल.